खरवड

तुम्ही खरवडसुद्धा सोडली नाहीत. इमारत घेतलीत, गच्च्या घेतल्यात, देवदारांची रांग घेतलीत, डोंगरावर पडणाऱ्या उन्हाचीसुद्धा छायाचित्रं काढून जगभर विकलीत. आम्ही काही बोललो नाही. पण भांड्याच्या तळाला लागलेली ती करपट खरवड, ती तरी आमची होती. तिलाही तुम्ही गुण लावलेत. आणि आता अकरा वर्षांच्या एका पोरीने ती खाल्ली म्हणून तिलाच हावरट ठरवून मोकळे झालात. कुणी दिला तुम्हाला हा अधिकार? खाणारा नालायक आणि न खाणारा पुढारी, हे कुठल्या जगातलं माप?

हे सगळं ऑदील मनातल्या मनात बोलत होती. प्रत्यक्षात ती प्रवेश विभागाच्या खिडकीशी उभी राहून डोकेदुखीची गोळी पाण्याशिवाय गिळायचा प्रयत्न करत होती आणि गोळी घशात मधेच अडकून कडू होत होती. सकाळपासून दक्षिणेकडचा गरम वारा सुटला होता. फेब्रुवारीत हा वारा सुटला की छपरांवरचा बर्फ ठिबकायला लागतो, समोरचे डोंगर उगाचच अंगावर आल्यासारखे जवळ दिसतात आणि गावातल्या निम्म्या बायकांची कपाळं ठणकतात. तिच्या स्वेटरला चीजचा वास येत होता, केसांनाही. दुपारच्या जेवणाचा तो वास तीनच्या बैठकीत तिच्याबरोबर आला होता, बैठक संपल्यावर तिच्याबरोबर परतला होता, आणि आता या खोलीत तोच तेवढा तिच्या बाजूने आहे असं तिला वाटत होतं. पाचच्या सुमारास खालून पिवळी टपालबस येईल. ती बस जोझियान मोरेरो चालवते. शाळेच्या फाटकाशी बस थांबेल, पुढचं दार उघडेल, आणि जोझियान स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून विचारेल, काय झालं माझ्या पोरीचं? बाकीच्या मुलांच्या घरी पत्रं जातात, जाड कागदाची, शाळेच्या चिन्हाची. गावच्या जागेचा निकाल मात्र तोंडाने सांगायचा, अशी इथली पद्धत. आणि ते तोंड नेहमी ऑदीलचं. कारण ती गावातली. तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं की लोकांना बरं वाटतं, असं संचालकांनी तिला रुजू झाल्याच्या वर्षीच समजावलं होतं.

गावची जागा म्हणजे दर वर्षी गावातल्या एका मुलाला फुकट शिक्षण. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम बंद पडलं, इमारत ओस पडली, आणि भविष्यातले जागतिक पुढारी घडवायचे म्हणून ही मंडळी ती मागायला आली, तेव्हा गावाने एवढी एकच अट घातली होती. गावाला वाटलं, आपण हुशारी केली. यांनी करारात ‘पात्र मूल मिळाल्यास’ एवढे तीनच शब्द घातले. गेली दोन वर्षं पात्र मूल मिळालेलं नाही. दरम्यान गावच्या शाळेचे वरचे वर्ग पोरं कमी म्हणून बंद झाले. आता सहावीच्या पुढे शिकायचं तर खाली मैदानी मुलखात जायचं, अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं. जोझियानची पहिली बस उजाडायच्या आधीच सुटते, नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसलाय, पोरीला उठवून, खायला घालून धाडायला घरात दुसरं माणूस नाही. “नाही झालं तर आम्ही खाली उतरणार,” असं जोझियानने नाताळातच सांगून टाकलं होतं. “मैदानातली बस मागून घेईन. सपाट रस्ता, सपाट माणसं. घराला कुलूप घालायचं आणि जायचं. आणखी काय करणार?” हे ती आरशात बघत म्हणाली होती, मागच्या गाडीला वाट देता देता, आणि ऑदीलला त्या आरशात तिचे फक्त डोळे दिसले होते.

त्याच बसमध्ये, पंधरा दिवसांपूर्वी, जोझियानने विचारलंही होतं. ऑदील नेहमीसारखी पहिल्या सीटवर. बसमध्ये दुसरं कुणी नाही. “ए ऑदील, खरं सांग. पोरीला काय शिकवून पाठवू?” “काही नको शिकवू. आहे तशी पाठव.” “आहे तशी? बये, ती आहे तशी शेळ्यांमध्येसुद्धा कुणी घेणार नाही. निदान केस तरी विंचरून पाठवू ना?” दोघी हसल्या होत्या. वळण आलं, जोझियानने तीन सुरांचा भोंगा वाजवला, आणि ऑदीलच्या जिभेवर आलेलं वाक्य त्या भोंग्यात विरलं. वाक्य एवढंच होतं: शेवटी तळाची खरवड निघेल, तिला हात लावू नको म्हणावं, आधी दुसऱ्यांना दे म्हणावं. का नाही बोललो आपण? बोलायला लाज वाटली. खायची वस्तू समोर आली की खाऊ नकोस, असं एखाद्या पोरीला शिकवायचं तर जीभ जरा वेगळी असावी लागते. जिनिव्हात अशा जिभा भाड्याने मिळतात. तिथल्या एका शिकवणीत म्हणे याच एका गोष्टीचा वेगळा धडा आहे, भांड्यासकट.

ती खिडकीपासून सरकून खुर्चीत बसली. ही खोली पूर्वी क्ष-किरणांची होती. भिंतीत अजून शिशाचा पत्रा आहे, म्हणून इथे मोबाइलला रेंज येत नाही आणि आई-बापांचे फोन घ्यायला तिला जिन्यात उभं राहावं लागतं. तिचा बाप, आर्मां, याच इमारतीच्या तळघरात बॉयलर सांभाळायचा. काळा होऊन घरी यायचा आणि जेवताना वरच्या मजल्यांच्या गोष्टी सांगायचा. मोठे डॉक्टर छात्या ठोकून बघायचे, चित्रं दिव्यासमोर धरायचे, आणि जो बरा होण्यासारखा असेल त्यालाच ठेवून घ्यायचे. बाकीच्यांना ‘इथली हवा तुम्हाला मानवायची नाही’ म्हणून त्याच संध्याकाळी परत. मग दारात मोठी पाटी: इथे आलेले बहुतेक सगळे बरे होऊन गेले. “होणारच की,” बाप म्हणायचा, “मरणारे आधीच स्टेशनवर पोचवलेले.” तो हे हसून सांगायचा. पाव मोडत सांगायचा. ऑदील लहान होती, तिला त्यातला विनोद कळायचा नाही, नुसतं बापाच्या दातांचं पांढरेपण दिसायचं. आता रोज कळतो. आता पाटीच्या जागी काचेची भिंत आहे आणि तिच्यावर इथून शिकून गेलेल्यांचे चेहरे: हा मंत्री झाला, ही बँकेची प्रमुख झाली, याने तेलाची कंपनी काढली. ज्यांचे बाप आधीच मंत्री, ज्यांच्या घरी आधीच बँका, त्यांची पोरं तिथेच जाऊन बसली. यात तुम्ही काय केलंत? गरम पाणी गरम करून दाखवलंत. माझ्या बापाने निदान थंड पाणी तापवलं होतं.

आणि ही खरवडीची गोष्ट तिनेच त्यांना सांगितली होती. नेतृत्व कार्यक्रमाचा प्रमुख म्हणून हाम्पुस नावाचा स्वीडिश तरुण तेव्हा नुकताच आला होता, उंच, गोरा, सतत आश्चर्य वाटत असल्यासारख्या भुवयांचा. प्रवेशचाचण्यांच्या शेवटच्या दिवशी मुलांना एका टेबलाभोवती बसवून फोंद्यू खायला घालायची आणि आपण अ‍ॅप्रन बांधून, वाढतोय असं दाखवून, कोण पुढाकार घेतो ते टिपायचं, ही त्याची कल्पना. एकच भांडं, लांब काटे, वितळलेलं चीज. कुणाचा पाव आत पडतो, पडल्यावर तो काय करतो, कुणाला हसतो. भांडं रिकामं झालं की हे लोक उठायचे आणि निघायचे. पहिल्याच वर्षी ऑदील म्हणाली होती, “अहो, थांबा. जेवण अजून संपलं नाही. खरी गंमत तळाला आहे.” आणि तिने आच वाढवली, तळाला लागलेली ती तांबूस, कुरकुरीत चकती सुरीने सोडवली आणि सांगितलं: आमच्याकडे हिला नन म्हणतात, मठातली जोगीण. आमच्या बाबांनी तिचे चार तुकडे केले होते, आम्हा चौघा भावंडांना दिले, आणि स्वतः काहीच घेतलं नाही. हाम्पुसच्या भुवया कपाळात गेल्या. त्याने ते तिथेच लिहून घेतलं. पुढच्या वर्षी रकाना तयार. अंतिम वाटप, शून्य ते पाच.

पण आर्मांने हे एकदाच केलं होतं. जन्मात एकदा. आरोग्यधाम बंद होणार, बॉयलर विझवायचे, असं कळलं ती संध्याकाळ होती. त्याने चकती सोडवली, सुरीने चार भाग केले, एकेकाच्या ताटलीत टाकले आणि खिडकीकडे तोंड करून बसला. घास उतरत नव्हता त्याला. बाकी सगळे दिवस खरवड म्हणजे लूट होती. चार पोरं, चार काटे, एकाच्या बोटाला पोळलं, दुसरा टेबलाखाली, बाप मधे हात घालून अर्धी चकती पळवतोय आणि तोंडात भरून ओरडतोय, “मी घर चालवतो, माझा वाटा मोठा!” आई पदराने वारावं तशी अ‍ॅप्रनने सगळ्यांना हाकलतेय. ते हसणं. तोंडात गरम, खारट, करपलेलं काहीतरी, आणि भावाच्या कोपराचा फटका बरगडीत. तेच घर होतं. ती एक संध्याकाळ म्हणजे घर बुडालं ती संध्याकाळ. ऑदीलने नेमकी तीच सांगितली, कारण परक्यांना सांगायला माणूस इस्त्री केलेलीच गोष्ट काढतो. आणि त्यांनी एका माणसाच्या दुःखाला शून्य ते पाच गुण लावले.

आज दुपारी टेबलावर सहा मुलं होती. भांडं मुलांचं, म्हणून वाइनऐवजी सफरचंदाचा रस घातलेलं. मुलं तीन दिवसांच्या चाचण्यांनी थकलेली, डोळ्यांखाली निळं पडलेली, तरी पाठी ताठ. ऑदील अ‍ॅप्रन बांधून पाव कापत उभी. कोस्तान्झा नावाची मिलानची मुलगी प्रत्येकाला, “तुला कसं वाटतंय?” विचारत होती, उत्तर न ऐकता. अल्माटीचा एल्दार, गोल चेहऱ्याचा, जेवणभर भांड्याच्या तळाकडे बघत होता, जसा एखादा आगगाडीची वाट बघतो. मधे सोलेन मोरेरो, जोझियानची पोरगी. केस विंचरलेले, पण एका बाजूनेच. ती जेवत होती. बाकीचे जेवण करून दाखवत होते, ती जेवत होती. चीज संपलं. तळ दिसला. आणि ऑदीलने जे पाहिलं ते बघून तिला प्रथम वाटलं, आपल्यालाच डोकेदुखीने दोन दोन दिसतंय. सहापैकी चार हात एकदम सुरीकडे गेले होते. “मी वाटते,” कोस्तान्झा. “नाही, मी वाटणार,” एल्दार. “तू घे आधी.” “छे, तू घे.” “प्लीज, मला नको, तुम्ही घ्या.” “मला तर मुळीच नको!” औदार्याची नुसती मारामारी. एकाने दुसऱ्याच्या हातातून सुरी ओढली. द्यायला सगळे तयार, घ्यायला कुणीच नाही. चकती मधे पडून थिजत होती. चारी भिंतींशी अ‍ॅप्रनवाले कान टवकारून उभे. सोलेनने एकदा या टोकाकडे बघितलं, एकदा त्या टोकाकडे. “अरे, थंड होतंय ते,” ती म्हणाली. “नकोय ना कुणालाच?” प्रत्येकजण अजून नकोच म्हणत होता. तिने हात घातला, चकती बोटांनी सोडवली, मधोमध दुमडली आणि खाल्ली. सगळी. कुरकुर आवाज झाला. मग बोटं चाटली, आधी अंगठा.

आणि मग एल्दार रडायला लागला. “मी वाटणार होतो! मी हॉटेलात रोज केलंय! सहा सारखे तुकडे येतात मला!” त्याचा गोल चेहरा लाल झाला होता आणि नाकातून पाणी येत होतं. सोलेन गोंधळली. “मग वाटायचं ना, बाबा,” ती म्हणाली, “मी कुठे धरला होता तुझा हात?” तेव्हा ऑदील हसली. आवाज फुटून हसली. किती दिवसांनी! बरगडीत भावाचं कोपर बसल्यासारखं झालं आणि हसू बाहेर आलं. हाम्पुसने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. तिच्याबद्दल की पोरीबद्दल, कुणास ठाऊक. सोलेननेही बघितलं, आणि तीही हसली, दातांत तांबूस कण अडकलेला. गावातल्या ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तशी. आपण बरोबरच केलं असणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. ऑदीलला आता त्या अर्थानेच जास्त ठणकत होतं.

तीनच्या बैठकीत हाम्पुसने सोलेनचं नाव वाचलं आणि उसासा टाकला. “गणित उत्तम. भाषा ठीक. झोपायच्या खोलीत दुसऱ्या मुलीला आपली उशी दिली, अशी नोंद आहे. पण अंतिम वाटप शून्य. एक नाही, अर्धा नाही, शून्य. मी असं कधी पाहिलेलंच नाही.”

“तिला भूक लागली होती,” ऑदील म्हणाली.

टेबलाभोवती छान हसू पसरलं. सगळे दमले होते, हसायला निमित्त हवं होतं. संचालकांनी चष्मा काढून पुसला. “भूक सगळ्यांनाच लागते, ऑदीलबाई. पुढारी तो, जो भुकेला थांबायला सांगतो.”

“कुणाच्या भुकेला? स्वतःच्या, की दुसऱ्यांच्या?”

हे कुणी लिहून घेतलं नाही. हाम्पुसने भुवया उंचावल्या, पण त्या तर नेहमीच उंच असतात. ती म्हणाली, “सगळे नको म्हणत होते. थंड होत होतं. वाया गेलं असतं.” संचालक म्हणाले, “निरीक्षण चांगलं आहे तुमचं.” ती म्हणाली, “एल्दार शिकून आला होता. हॉटेलात भांडं आणून सराव केलाय त्याने, त्यानेच सांगितलं.” हाम्पुस म्हणाला, “शिकण्याची तयारी हाही गुणच झाला की. शिवाय हेतूला आपण गुण देतो. मुलगा रडला, ऑदील. देता आलं नाही म्हणून रडला. मला तर भरून आलं.” एल्दारला पाच पडले. गावच्या जागेपुढे संचालकांनी स्वतः लिहिलं: पात्र मूल मिळालं नाही. मग कुणीतरी कॉफी मागवली, आणि पुढचं नाव. बाहेर छपरावरून बर्फाची लादी घसरून धप्पकन पडली तेव्हा सगळे दचकले, आणि त्यावरही हसले.

बोलायचं सगळं असतं, पण बैठकीत खुर्च्याच अशा मऊ ठेवलेल्या असतात की माणूस खोल जातो आणि शब्द वर येईपर्यंत पुढचं नाव आलेलं असतं. दर वर्षी हेच. दर वर्षी फाटकाशी जायचं, हात पोरांच्या डोक्यावर ठेवायचा, पुढच्या वेळी बघू म्हणायचं. पुढची वेळ नसते. अकरा वर्षांचं मूल पुढच्या वर्षी बाराचं होतं आणि खाली उतरतं. बेकरीवाल्यांची मुलं उतरली. ल्युगेचा थोरला उतरला. दिवे कमी झाले गावातले. संध्याकाळी इथल्या खिडकीतून बघितलं की कळतं. शाळेच्या सगळ्या खिडक्या लखलखीत, आणि खाली गाव म्हणजे दात पडलेलं तोंड. आता आणखी एक खिडकी. मोरेरोंची, निळ्या पडद्याची. आणि ते सांगायचं कुणी? तुम्ही लिहिणार, आणि मी बोलणार. तुमचा हात, माझी जीभ. शेळ्यांमध्ये कुणी घेणार नाही म्हणाली होती जोझियान. शेळ्यांमध्ये घेतलं असतं गं तिला. शेळ्यांना खाणारा कळतो.

खालच्या वळणावर भोंगा वाजला. तीन सूर, डोंगराने परत फेकलेले. अजून चार वळणं. ऑदील उठली. गोळी अखेर उतरली होती, घसा कडू. तिने कोट घेतला नाही. कॉरिडॉरमधून, काचेवरच्या मंत्र्यांच्या आणि बँकवाल्या चेहऱ्यांसमोरून ती चालत गेली आणि तिला जाणवलं की आपण घाईत नाही, आपल्याला रागही आलेला नाही, राग मघाशीच कधीतरी संपून त्याचा नुसता तळ उरलाय. संचालकांचं दार उघडं होतं. ते मफलर गुंडाळत होते.

“अरे, ऑदीलबाई. बस आली वाटतं? जा, जा. नीट समजवा. तुम्हाला जमतं ते.”

“नाही जमत,” ती म्हणाली. “तुम्ही चला.”

“मी?”

“निकाल तुम्ही लिहिलात. तुम्ही सांगा. बसचं दार उघडेल, पोरीची आई विचारेल, काय चुकलं? पोरगी फाटकाशीच चढून बसेल पहिल्या सीटवर, दप्तर मांडीवर घेऊन. तिच्या तोंडावर सांगा.”

ते हसले, मग हसू आवरून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “हे बघा, दमलाय तुम्ही. आज हवाच तशी आहे. मी उद्या व्यवस्थित पत्र पाठवतो त्यांना.”

“पत्र नको. मला सांगा मग, मी त्यांना सांगते. पण तुमचं वाक्य द्या, माझं नाही.” ती दारातच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीवर. त्या चौकटीआडची खोली बापाने तळघरातून किती हिवाळे तापवली असेल, कुणास ठाऊक. भोंगा पुन्हा वाजला, आता अगदी जवळ, फाटकाच्या वळणावर. “पोर भुकेली होती. समोर खायचं होतं. सगळे नको म्हणत होते. तिने विचारलं, कुणालाच नको ना? कुणी हवं म्हटलं नाही, तिने खाल्लं. एवढंच झालं. यात तिचं काय चुकलं? तीन दिवस तुम्ही सगळ्यांनी तिला तोललंत, कुठेतरी सापडलंच असेल ना. ते सांगा. बस फार वेळ थांबत नाही. सांगा, काय चुकलं तिचं?”